वरच्या मजल्यावरचं ऊन

मी माइक बोलतोय. खरं तर बोलायचं काम आजवर दुसऱ्यांनीच केलं. माझ्या वाट्याला आलं ते ऐकणं आणि पुढे पोचवणं. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माणसं मी ढिगाने पाहिली, आणि ज्यांना खरोखर काही सांगायचं होतं त्यांच्या घशात अडकलेले शब्दही पाहिले. आज मात्र मधे कुणी नको. आज माझं मलाच सांगायचंय.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तारेचं बारीकसं वेटोळं, त्यावर नखापेक्षा पातळ पडदा, तोंडावर जाळी. तपासणीच्या टेबलावरच्या बाईने माझ्यात दोनदा "हॅलो, हॅलो" म्हटलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. माणसाचा मी ऐकलेला तो पहिला शब्द. त्यात ना सुख होतं ना दुःख. असे निवांत शब्द पुढे फारसे नशिबी आले नाहीत.

तिथून मी एका बातम्यांच्या चॅनलच्या कपाटात येऊन पडलो. माझ्या डोक्यावर निळ्या स्पंजची टोपी चढवली गेली. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून ती असते, पण तिच्यावर चॅनलची खूण असल्यामुळे तिचा रुबाबही भारी. ती टोपी दिसली की काही माणसं केस नीट करत पुढे येतात आणि काही भिंतीकडे तोंड करून उभी राहतात.

माझा पहिला मालक तरणाबांड होता. ऑफिसात त्याला सगळे वादळ्या म्हणत. कुठे नदी फुगली, डोंगर खचला, समुद्र आत शिरला की हा मला पिशवीत कोंबून निघालाच. वाऱ्यात तो गरजेपेक्षा जरा जास्तच झुकायचा. एकदा आपण आता उडूनच जाणार असा तो तिरका उभा असताना त्याच्या पाठीमागून एक पोस्टमन शांतपणे सायकल मारत गेला. पुढे वर्षभर ऑफिसला हसायला तेवढं पुरलं. पण त्याला नुसता नाटक्या म्हणाल तर मला राग येईल. पुरात घरं गेलेल्यांबरोबर तो शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपला, त्यांच्या ताटातलं जेवला आणि तापाने फणफणत घरी परतला. पाणी आणि वारा त्याला कळायचा. लोक काय बघतात हेही त्याला नेमकं कळायचं.

त्या काळी दोन संकटांच्या मधे मला उसंत मिळायची. महिनोन्महिने मी पिशवीत पडून राहायचो. मग ती उसंत आटत गेली. भलत्याच वेळी गारा, कधी न जळलेल्या डोंगरावर वणवा, एका दुपारीत एका गावावर सगळ्या वर्षाचा पाऊस. पिशवीच्या चेनवरचा चिखल वाळायच्या आत ती पुन्हा उघडायची. एका हवामान अभ्यासक बाईंसमोर मला धरलं होतं ते आठवतं. वादळ्याने विचारलं, "हे हवामानबदलामुळेच झालं, बरोबर ना?" त्या म्हणाल्या, "हा एक पूर त्यानेच आणला, असं एका वाक्यात मी म्हणणार नाही. पण पूर्वी आजोबांनी आयुष्यात एकदा बघितलेलं नातू आता दर दोन-चार वर्षांनी बघतोय. यामागे तापलेली हवा आहे, यात मला शंका नाही." दाखवताना त्यातलं पहिलं वाक्य कापलं आणि शेवटचं ठेवलं. बाईंचा फोन आला होता म्हणे, रागाचा.

वादळ्याचं पुढे नाव झालं, पोट सुटलं, आणि तो खुर्चीत जाऊन बसला. आता त्याला सगळे साहेब म्हणू लागले. कुठली बातमी लागणार आणि कुठली राहणार हे तो ठरवू लागला. आणि मी आलो ताईच्या हातात.

ताई पूर्वी दवाखाने, साथी, औषधं यांच्या बातम्या करायची. चाळिशी ओलांडलेली, बेताची उंची, आवाज खालचा. दुसरे बातमीदार मला समोरच्याच्या तोंडात घास भरवल्यासारखं खुपसायचे; ताई मला हनुवटीच्या खाली धरायची आणि आधी सांगायची, "बोलावंसं नाही वाटलं तर नका बोलू. आम्ही निघून जाऊ." मग बहुतेक माणसं बोलायची. तिच्याबरोबर कॅमेऱ्यावर मामा असायचा. तो कुणाचाच मामा नव्हता, पण वीस वर्षांत ऑफिसभर तेच नाव झालं होतं. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायचा आणि सगळ्यांच्या आधी जिना चढायचा.

त्या वर्षी उन्हाने कहर केला. झाडावरचे पक्षी पिकल्या फळासारखे खाली पडत होते. आमच्या चॅनलवर उन्हाची बातमी म्हणजे काय, तर कारंज्यात उड्या मारणारी पोरं, आइस्क्रीमच्या गाडीसमोरची रांग आणि गॉगल घातलेल्या मुली. सकाळच्या बैठकीत ताई म्हणाली, "साहेब, हे बघून कुणाला वाटेल की सहल निघालीय. सरकारी दवाखान्यात खाटा पुरत नाहीयेत."

"मग दवाखाना दाखव."

"दवाखान्यात येतात ती माणसं कुठून येतात, ते दाखवायचंय."

साहेबांनी खुर्ची मागे केली. "हे बघ, पूर दिसतो. वादळ दिसतं. ऊन दिसत नाही. मी पडद्यावर दाखवू काय? रिकामा रस्ता?"

"शोधते," ताई म्हणाली.

बाहेर पडल्यावर मामाने कपाळ पुसलं. "साहेबांचं अगदीच चूक नाहीये हं. घामाचा फोटो काढला तर तो पाण्याचाही वाटतो."

दवाखान्यातल्या परिचारिकेने ताईला एवढंच सांगितलं होतं की येणाऱ्यांत बहुतेक इमारतींच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक असतात. म्हणून आम्ही एक जुनी इमारत धरली आणि चढत गेलो. शेवटच्या जिन्यावर गरम हवा अंगावर अशी आली की जणू कुणी भट्टीचं दार उघडलं. वर पत्र्याचं छप्पर घातलेली खोली होती. दार अर्धवट उघडं. आत एक बाई उभ्याने इस्त्री करत होत्या.

पन्नाशीच्या, सडपातळ, केसांचा घट्ट बुचडा, खांद्यावर ओला टॉवेल. खोलीत जिकडे बघावं तिकडे पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. काही दोरीवर, काही घडी करून रचलेले. खिडकी बंद. पंखा बंद.

"अहो, पंखा तरी लावा," मामा दारातूनच म्हणाला.

"पंखा लावला की कापड उडतं आणि इस्त्री निवते. खिडकी उघडली की रस्त्यावरची काजळी येऊन पांढऱ्यावर बसते. या, बसा. आधी पाणी प्या, मग काय ते विचारा."

त्या एका कार्यक्रमांच्या हॉलचे टेबलक्लॉथ घरी आणून इस्त्री करायच्या. इमारतीतले सगळे त्यांना मावशी म्हणत. ताईने विचारलं, बोलाल का? मावशींनी टॉवेलने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं बाई, याला स्वेटर कशाला घातलाय एवढ्या उकाड्यात? काढा तो, गुदमरेल बिचारा."

आणि त्या हसल्या. कसं सांगू ते हसणं. आधी दबकत, मग मोकळं, मग पोट धरून. मामाचा कॅमेरा हलू लागला इतका तोही हसला. हसता हसता मावशींना खोकला आला, तो थांबला, आणि मग त्या बोलू लागल्या.

"ऊन बाहेर असतं, ते संध्याकाळी जातं. आत जे साठतं ना, ते जात नाही. भिंतीला पाठ टेकली तर चटका बसतो. दुपारनंतर डोकं ठणकतं, पायात गोळे येतात. परवा एक टेबलक्लॉथ दोनदा इस्त्री केला, लक्षातच नाही आलं."

"मग थोडं थांबत का नाही?"

"उद्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. पाहुण्यांनी काय चुरगळलेल्या टेबलावर जेवायचं?" असं म्हणून त्या पुन्हा हसल्या.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. किनाऱ्यावर वादळ धडकत होतं. साहेबांनी सगळ्यांना परत बोलावलं होतं. ताईने मला पिशवीत ठेवलं. "मावशी, जपा स्वतःला," ती जिन्यावरून म्हणाली. खालून कुणीतरी विचारलं, "कोण आलं होतं गं?" आणि वरून मावशींचा आवाज आला, "टीव्हीवाले. मी टीव्हीवर येणार आहे."

त्या आल्या नाहीत. वादळात दीपगृहाएवढ्या लाटा होत्या, उडणारी छपरं होती, बघणाऱ्याची नजर हटत नव्हती. मीही किनाऱ्यावर होतो, स्पंजमध्ये खारं पाणी घेऊन. इस्त्रीवाल्या मावशी कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहिल्या.

आठवडाभराने एक मुलगी ऑफिसात आली. पंचविशीची असेल. बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि तिच्या हातावर घडी घातलेला स्वेटर होता. ती ताईसमोर येऊन उभी राहिली.

"मी इस्त्रीवाल्या मावशींची मुलगी," ती म्हणाली. "आई गेली. तुम्ही येऊन गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी. दुपारी शेजारणीने हाक मारली, आतून ओ आली नाही."

ताई खाली बसली.

"दोन संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसली होती. शेजारपाजारच्यांनाही बोलावून ठेवलं होतं. मग म्हणाली, वादळवाल्यांचं मोठं आहे गं, आपलं काय, नुसता घाम आलाय." मुलीने नाक पुसलं. "मी भांडायला नाही आले. माझ्याकडे आईचे फोटो आहेत, आवाज नाहीये. रोज फोनवर बोलायचो आम्ही, पण फोनवरचं बोलणं कोण साठवून ठेवतं? तुमच्याकडे असेल ना?"

मामाने तिला एडिटिंगच्या खोलीत नेलं. मी टेबलावर होतो. मावशींचा आवाज खोलीत घुमला: "अगं बाई, याला स्वेटर कशाला घातलाय..." आणि ते हसणं. मुलीने हातातला स्वेटर तोंडाशी धरला.

"माझ्या ऑफिसात इतका गारवा असतो की मी दिवसभर हा घालून बसते," ती म्हणाली. "लोकांचे फोन घेते. दुपारी आईला फोन केला की विचारायची, थंडी वाजत नाही ना? आणि मी सांगायचे, वाजते."

तिने ते तीनदा ऐकलं. मग ताईने चाचरत विचारलं, हे आम्ही दाखवू का? मुलगी म्हणाली, दाखवा.

इथून पुढे घोडं अडलं. साहेब म्हणाले, "मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार आहे. ऊन लागून गेली, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?"

"मी तसं म्हणणारच नाही," ताई म्हणाली. "जे आहे ते एकापुढे एक ठेवते."

तो दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे ती गेली. ते म्हणाले, "हृदय बंद पडलं असं मी लिहिलं. ते खरंच आहे. शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. तिला आणलं तेव्हा अंगाला हात लावला तर चटका बसला. घामाचा टिपूस नव्हता. अशी बरीच माणसं या दिवसांत आली. एवढं मी छातीठोकपणे सांगतो, पुढचं तुम्ही समजून घ्या." त्यानंतर आम्ही शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी कानावर हात ठेवले. "उष्माघाताने शहरात एकही मृत्यू नाही. तशी नोंदच नाही." मी दोघांचंही बोलणं सारख्याच इमानाने आत घेतलं. माझं कामच ते. पण त्या दिवशी मला त्याचा त्रास झाला.

बातमी तयार झाली. साहेबांनी बघितली आणि म्हणाले, "चांगली झालीय. फक्त ते हसणं काढ."

"का?"

"अगं, गेलेली बाई आहे ती. लोक म्हणतील, एवढी खिदळतेय म्हणजे हिला कसला त्रास होता? ती घाम पुसते तेवढंच ठेव."

ताईने वाद घातला नाही. तिने मुलीला बोलावून घेतलं आणि साहेबांसमोर बसवलं. साहेबांनी तिला तेच समजावलं, अगदी मायेने. मुलीने ऐकून घेतलं.

"ती हसत होती म्हणूनच कुणाला कळलं नाही," ती म्हणाली. "शेजाऱ्यांना नाही, तुमच्या ताईंना नाही. मलासुद्धा नाही. ते काढलंत तर दुसऱ्या कुणाच्या आईचंही कळणार नाही."

साहेबांनी हेडफोन कानाला लावले आणि पुन्हा सगळं ऐकलं. पडद्याकडे बघितलंच नाही, नुसतं ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवत म्हणाले, "जाऊ दे तसंच."

बातमी लागली त्या संध्याकाळी ऑफिसातले फोन थांबेनात. माझे वडील असेच गेले. आमच्या वरच्या आजी असंच काहीतरी म्हणत होत्या. माझा भाऊ गोदामात काम करतो, त्याच्याकडे या. तेवढं बरं झालं. पण हॉलवाल्यांनी काय केलं असेल? काही बदललं नाही; चौकशी नको म्हणून आपले टेबलक्लॉथ गुपचूप दुसऱ्या बाईंकडे द्यायला सुरुवात केली. त्याही पत्र्याखालीच राहत होत्या, दोन गल्ल्या सोडून.

हे कळलं तेव्हा ताई जेवत होती. तिने डबा तसाच बंद केला. आम्ही भर दुपारी तिथे पोचलो. मामाने कॅमेरा खांद्यावर घेतलेला, मी ताईच्या हातात. दार लोटलं तर त्या बाई जमिनीवर बसलेल्या, भिंतीला टेकून. चेहरा लालबुंद, कातडी कोरडी.

"बाई, कशा आहात तुम्ही?" ताईने विचारलं.

"बस आली का?" त्या म्हणाल्या. "माझी पिशवी द्या. बस सुटेल."

ताईने मला इस्त्रीच्या टेबलावर टाकलं. अक्षरशः टाकलं, माझ्या जाळीला पोचा आला तो तेव्हाचाच. मामाने कॅमेरा कोपऱ्यात ठेवला, इस्त्रीची पिन उपटली, पंखा लावला, खिडकी धाडकन उघडली. ताईने कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात टेबलक्लॉथ बुडवले, ते इस्त्री केलेले, कडक घडीचे, पांढरेशुभ्र, आणि एकामागून एक त्या बाईंच्या मानेभोवती, काखेत, अंगावर गुंडाळले. मग तशाच ओल्या गाठोड्यासारखं दोघांनी त्यांना उचललं. मामाचे गुडघे जिन्यावर करकरले असतील, पण तक्रार ऐकू आली नाही.

मी मागे राहिलो. पंखा फिरत होता, खिडकीतून काजळी येत होती, उरलेले टेबलक्लॉथ दोरीवर फडफडत होते. माझा खटका बंद होता. त्या दुपारचा एक शब्दही माझ्यातून पुढे गेला नाही.

संध्याकाळी मामा मला न्यायला आला तेव्हा फोनवर साहेबांना सांगत होता, "वाचल्या. नाही, चित्रण नाही. कुणी करायचं? आमचे हात रिकामे नव्हते." पलीकडून साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मामा माझी वायर गुंडाळत म्हणाला, "शुद्धीवर आल्या आल्या काय विचारलं माहितीये? टेबलक्लॉथ ओले झाले का. आज संध्याकाळी द्यायचे होते म्हणे."

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. मला पोचा आहे, वायर जोडाजवळ सैल झालीय, मधूनच खरखरतो. कॉलरला लावायचे नखाएवढे माइक आलेत. मी आता कपाटातच जास्त असतो. अधिकारी बदलले. आता उष्माघाताची नोंद होते, थोडी थोडी. हॉलच्या टेबलांवर अजून पांढरंच कापड असतं, आणि ते कोण इस्त्री करतं हे ताई अधूनमधून जाऊन बघून येते, मला न घेता.

यंदा ऊन आणखी लवकर आलंय. तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर कुणी राहत असेल, दिवसभर दार लावून काम करत असेल, तर दुपारचं एकदा वर जाऊन या. हाक मारा. आतून हसण्याचा आवाज आला तरी दारातूनच परतू नका. आत जा, जरा वेळ बसा, आणि निघताना त्यांनाही बरोबर खाली आणा.